नुसता गळा

आप्पा गिरणीवाले आमच्याबरोबर अकरा वर्षं गायले आणि त्या अकरा वर्षांत एकाही गाण्याचा एकही शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. ओवी असो, पाळणा असो, नाहीतर लग्नातलं चेष्टेचं गाणं असो, आप्पा आपले सगळ्यांत खाली, खर्जात, एकच सूर लावून उभे. 'आ', 'ओ', फार तर ओठ मिटून 'हं'. वर आम्ही चौघं शब्दांशी खेळायचो, हरकती घ्यायचो, टाळ्या मिळवायचो. कार्यक्रम संपला की लोक आम्हाला भेटायला यायचे, आमच्याबरोबर फोटो काढायचे आणि मोबाईल आप्पांच्या हातात द्यायचे. एकदा एका बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही यांचे ड्रायव्हर का?" आप्पा म्हणाले, "व्हय, तसंच म्हणा," आणि फोटो नीट काढून दिला.

आमच्याकडे पेटी नव्हती, तबला नव्हता, तंबोऱ्याचं यंत्रसुद्धा नव्हतं. पाच माणसांचे पाच गळे, एवढंच भांडवल. त्यावर आम्ही पाच जणं काही वर्षं पोट भरत होतो, आणि तेही भोरमध्ये राहून. आजही कुणाला सांगितलं तर समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?"

सुरुवात प्रसादसरांनी केली. ते भोरच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. पुण्यात त्यांनी एकदा वाद्यांशिवाय गाणारा गट ऐकला आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. त्यांच्या पत्नी मेधाताई गायच्या. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. वेल्ह्याला एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते आणि शनिवार-रविवारी भोरला घरी यायची. चौथा सचिन, वरवे बुद्रुकचा, जवळच्याच एका लहान कारखान्यात कामाला. तो तोंडानं असा ताल धरायचा की डोळे मिटले तर समोर कुणीतरी ढोलकी घेऊन बसलंय असं वाटावं. शाळेच्या एका वर्गात बाकं बाजूला सरकवून आम्ही सराव करायचो. सगळं जमायचं, पण गाणं हवेत तरंगल्यासारखं वाटायचं. खाली कुणी नव्हतं.

सचिनच एकदा म्हणाला, "सर, किकवीला एक गिरणीवाले हायेत. गिरणी चालू असताना बी त्यांचं बोलणं ऐकू येतं, आन ते वरडत नसत्यात."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं किकवीला गेलो. नुसतं कसं जायचं म्हणून सरांनी घरातले दोन किलो गहू पिशवीत घेतले होते. गिरणीत एक पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं किडकिडीत माणूस उभा होता. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पिठानं पांढरं. पट्ट्याच्या आवाजात त्यांनी आम्हाला "किती हाय?" असं विचारलं आणि ते खरोखरच स्वच्छ ऐकू आलं. कानात नाही, छातीत कुठंतरी.

दळण झालं तरी आम्ही हलेना, तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "तुम्ही गाता का?"

"गाणं न्हाई येत. सूर धरता येतो."

"म्हणजे कसं?"

"भजनात म्या मागं बसतो. बुवा वर फिरून येत्यात. ते येईस्तवर म्या जागा धरून ठिवतो."

सरांनी तिथंच उभ्यानं एक सूर लावून दाखवला. आप्पांनी मोटार बंद केली, हात धोतराला पुसले, थोडा वेळ ऐकलं आणि तोच सूर एक सप्तक खाली लावला. फळीवर पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवलेलं माप बारीक थरथरायला लागलं. मेधाताईंनी माझा हात धरला. आतून त्यांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गिरणी का बंद? लाईट गेली का?"

आमच्या गटाचं नावही आप्पांमुळेच पडलं. कापूरहोळकडच्या एका गावात नवरात्र मंडळानं बोलावलं होतं. आम्ही टेम्पोतून उतरलो तसा मंडळाचा अध्यक्ष आमच्या मागे टेम्पोत डोकावून बघू लागला. "वाद्यं मागनं येत्यात का?" त्यानं विचारलं. सर समजावून सांगायला लागले, पाश्चात्त्य परंपरा वगैरे. अध्यक्षाचा चेहरा पडत चालला. आप्पा मध्येच म्हणाले, "वाद्यं न्हाईत. हितं नुसता गळा हाय." अध्यक्षाला ते लगेच कळलं. पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर सरांनी तेच नाव लिहिलं.

मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. मी चोवीस वर्षांची होते आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे, पण शाळेत शिकवणारी म्हटल्यावर बाईच. गाताना मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायची, कारण माझा सूर मी त्यांच्यावरून उचलायची. शिरवळजवळच्या एका लग्नात मी घाबरून चढत गेले. सूर वर सरकतोय हे कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त आपला सूर जरा जाड केला. मी त्याला धरून खाली आले. नंतर पंगतीत ते म्हणाले, "बाई, तुमी वर गेला की खाली बघत जावा. म्या तिथंच असतो."

सभागृहात ते आमच्या आधी तासभर पोचायचे. प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून ओठ मिटून गुणगुणायचे, भिंतीला कान लावायचे, आणि मग रंगमंचावर आपली जागा ठरवायचे. एकदा जागा ठरली की संयोजकांनी कितीही सांगितलं तरी ती बदलायची नाही. दुसरी त्यांची अट पंख्यांची. "पंखा आपल्या सुराशी भांडतोय, बंद करा," असं ते म्हणायचे, आणि भर एप्रिलात लोक घामानं निथळत आमचं गाणं ऐकायचे. पहिल्या गाण्यानंतर सहसा कुणी तक्रार करायचं नाही. एका ठिकाणी मात्र नवऱ्या मुलीच्या मामांनी स्वतः उठून पंखा लावला. आप्पांनी मग पंख्याच्याच घुमण्याला आपला सूर मिळवला आणि आम्ही सगळी गाणी पंख्याच्या पट्टीत गायलो.

तीनेक वर्षांत आमचं नाव पुण्यापर्यंत गेलं. लग्नं होती, सोसायट्यांचे गणपती होते, कंपन्यांचे समारंभ होते, मग नाट्यगृहंही आली. महिन्यातले पंधरा-वीस दिवस आम्ही फिरतीवर असायचो. सरांनी शाळा सोडली, सचिननं कारखाना सोडला आणि मी वेल्ह्याची नोकरी सोडली. माझी आई माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. मला वाटलं होतं, आप्पांना तरी आनंद होईल. ते म्हणाले, "तुमी सोडाया नको हुती. गाणं म्हातारपणी बी करता येतं. पोरं तवर थांबत न्हाईत." एवढं बोलून ते सरावाला उभे राहिले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्यांची गिरणी काकू चालवू लागल्या. आम्ही त्यांना न्यायला गेलो की काकू म्हणायच्या, "न्या ह्यांना. ह्यांच्या तोंडाला काम हाय, हाताचं काम म्या करते."

त्या फिरतीतला एक दिवस मला फार आठवतो. महाडला लग्नाचा कार्यक्रम करून आम्ही वरंध घाटानं परत येत होतो आणि वाटेत दरड पडलेली. गाडी पलीकडेच राहिली. सामान म्हणून आमच्याकडे कपड्यांच्या पिशव्याच होत्या, त्यामुळे आम्ही दगडांवरून अलीकडे आलो आणि हिर्डोशीच्या दिशेनं चालायला लागलो. दुपारी तिथं पोचलो तर भोरची एसटी तीन तासांनी. एका घराच्या अंगणात आजी नाचणी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, भाकरी दिली, आणि आम्ही काय करतो ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "मग म्हणा की एक."

आम्ही त्यांच्या अंगणात एक ओवी गायलो. आजींनी सूप खाली ठेवून ऐकलं. संपल्यावर आप्पांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्यो का गाईना? नुसता घुमतोय."

"म्या खाली हाय, आजी," आप्पा म्हणाले.

"मग वर ये की."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसका बराच वेळ गेला नाही. आम्ही त्याला पिठाचा ठसका म्हणायचो. गिरणीवाल्याला खोकला असायचाच, अशी आमची समजूत होती.

पुढे दोन-तीन वर्षांनी मला जाणवायला लागलं की सकाळच्या सरावात आप्पांचा सूर लागायला वेळ लागतो. लागला तरी मध्येच तुटतो, आणि ते तो झटकन पुन्हा जोडतात. बाकीच्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण मी त्यावर उभी होते. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "थंडीचं व्हतंय." मग म्हणाले, "बाई, सरांना बोलू नका. त्यांचं मोठं काम चाललंय."

ते मोठं काम असं होतं की पुण्यातली एक कार्यक्रम करणारी कंपनी आमच्याशी वर्षाचा करार करणार होती. महाराष्ट्रभर आणि बाहेरही कार्यक्रम, राहण्याची सोय, सगळं. त्याआधी पुण्याच्या एका नाट्यगृहात त्यांची माणसं आमचा पूर्ण कार्यक्रम बघणार होती. नोकऱ्या सोडून आम्हाला सात-आठ वर्षं झाली होती आणि मधला एक काळ फार ओढाताणीचा गेला होता. सरांच्या घरात धाकटी मुलगी शाळेत जायला लागली होती. त्या कराराकडे आम्ही सगळेच डोळे लावून बसलो होतो.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना आप्पांचा आवाज पूर्ण बसला. मी आणि काकू त्यांना भोरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला बरेच दिवस लागणार होते, म्हणजे कार्यक्रमानंतरच. तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. काकूंनी विचारलं, "वंगाळ काय आसंल का?" डॉक्टर म्हणाले, "आत्ता सांगता येत नाही." काकूंनी पदर तोंडाशी धरला. भोरला एसटीतून उतरल्यावर आप्पांनी स्टँडजवळच्या दुकानातून मुलांची एक पाटी आणि पेन्सिल विकत घेतली.

सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "एक उपाय आहे." आमच्या गाण्यांचा संच निघाला होता, तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला होता. आप्पांचा आवाज काढून तो पडद्यामागून लॅपटॉपवर लावायचा. आम्ही चौघांनी गायचं. आप्पांनी नेहमीच्या जागी उभं राहून ओठ हलवायचे. "आवाज त्यांचाच आहे ना? दुसऱ्या कुणाचा थोडाच आहे," सर म्हणाले. सरांच्या आवाजात लबाडी नव्हती, भीती होती.

आम्ही आप्पांकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'चालेल.' मग ते पुसून लिहिलं, 'तुमच्या नोकऱ्या गेल्यात.' मेधाताई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. मीही गप्प बसले. सरांना दोष देताना मी हे कधी विसरत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं होतं. कंपनीची माणसं दुसऱ्या रांगेत. पहिलं गाणं सुरू झालं आणि आप्पांचा सूर चारी बाजूंनी आला, भरदार, न तुटणारा, वर्षभरापूर्वीचा. माझ्या उजव्या हाताला खुद्द आप्पा उभे होते आणि तिथून फक्त श्वासाचा आवाज येत होता. त्यांच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या गाण्यात मी शिरवळसारखीच चढले. त्या यंत्रातल्या सुराला ते कळणं शक्यच नव्हतं. मी कशीबशी सावरले.

दुसरं गाणं संपलं तेव्हा मोठी टाळी पडली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "त्या काकांचा आवाज काय आहे हो. त्यांची ओळख तर करून द्या." सरांनी माईकवर सांगितलं, "हे आमचे आप्पा. किकवीचे." आणि सगळं सभागृह फक्त आप्पांसाठी टाळ्या वाजवायला लागलं. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मोबाईल हातात देणारे लोक ते हेच. आप्पांनी हात जोडले नाहीत. ते मागे वळले, विंगेत ठेवलेल्या आपल्या पिशवीतून पाटी काढली, उभ्यानंच काहीतरी लिहिलं आणि येऊन ती माझ्या हातात दिली. वर मोठ्या अक्षरात होतं, 'बाई, वाचा.' खाली बाकीचं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. माझ्या एका हातात माईक होता आणि दुसऱ्या हातात पाटी. टाळ्या थांबल्या होत्या, लोक वाट बघत होते. मी वाचलं.

"हा आवाज माझाच आहे, पण आजचा नाही. आज माझा गळा बंद आहे. हे मशीनवर लावलंय. टाळी परत घ्या."

सभागृहात कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता लोक उठतील. कुणी उठलं नाही. सर पुढे आले आणि माईक माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, ते सारवासारव करतील. ते म्हणाले, "हे खरं आहे. पुढची गाणी आम्ही चौघंच गाऊ. जरा पोकळ वाटतील. ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं, आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

आम्ही चौघं गायलो. पोकळच वाटलं. दोनदा आमचा सूर उतरला आणि आम्ही गाणं थांबवून पुन्हा सुरू केलं. आप्पा रंगमंचाच्या कडेला खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी आपला हात गुडघ्याच्या उंचीवर आडवा धरला. सूर कुठं आहे ते ते हातानं दाखवत होते. आम्ही चढलो की हात जरा खाली दाबायचे. मी सगळी गाणी त्या हाताकडे बघत गायले. मध्यंतरानंतर कंपनीची माणसं दिसली नाहीत. बाकीचे लोक शेवटपर्यंत बसले.

नंतर बरेच जण आप्पांना भेटायला वर आले. या खेपेला कुणी त्यांच्या हातात मोबाईल दिला नाही. गळ्याला काय झालं ते विचारलं, आणि जो तो उपाय सांगायला लागला. आप्पांना बोलता येत नसल्यामुळे त्यांनी पाटी पुढे केली. लोकांनी तिच्यावर लिहून दिलं, ज्येष्ठमध, अडुळसा, कुठल्याशा वैद्याचा पत्ता. आम्ही निघालो तेव्हा पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.

परतीला गाडीनं कात्रजचा बोगदा ओलांडला. मग मेधाताई म्हणाल्या, "मला आता बरं वाटतंय. आठ दिवस जेवण जात नव्हतं." सचिन म्हणाला, "माझं पोट बिघडलं हुतं, म्या सांगितलं न्हाई." मलाही तसंच काहीसं झालं होतं. करार गेला हे सगळ्यांना कळत होतं. तरी अंगावरचा ओला कपडा काढून टाकल्यासारखं मोकळं वाटत होतं आणि त्याची जरा लाजही वाटत होती. खेड शिवापूरला सरांनी गाडी थांबवली. चहा सांगितला, आप्पांसाठी कोमट पाणी मागितलं, आणि ग्लास स्वतः नेऊन दिला. "आप्पा, माझं चुकलं," ते म्हणाले. आप्पांनी पाटी घेतली, उलटसुलट करून पाहिली. लिहायला जागाच नव्हती. मग त्यांनी ती बाजूला ठेवली आणि सरांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दोन दिवसांनी कंपनीचा नकार आला, सभ्य शब्दांत. त्याच्या दुसऱ्या दिवशी अहवाल आला.

तो आणायला काकू आणि मी गेलो. आप्पा दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली थांबले. तसं त्यांनी लिहून सांगितलं नाही, पण त्यांना आत यायचं नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. साधी गाठ आहे. काढून टाकू." काकूंना पटेना. "म्हंजी त्यो आजार न्हाई?" "नाही." "नक्की?" "नक्की." काकू बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, मला भूक लागली." दहा दिवस त्या नीट जेवल्या नव्हत्या. आम्ही आप्पांपाशी गेलो. काकूंनी सांगितलं तसं आप्पा विसरून बोलून गेले, "बरं झालं." फाटका, कुजबुजल्यासारखा आवाज. काकू रागावल्या. "बोलू नका म्हणून सांगितलंय न्हवं?" आणि मग पदरानं डोळे पुसत राहिल्या. आम्ही तिघांनी समोरच्या हॉटेलात पोटभर राईसप्लेट खाल्ली.

गाठ निघाली. दोन-अडीच महिन्यांनी आप्पा सरावाला आले. आवाज परत आला होता, पण तळ गेला होता. पूर्वी जिथं ते आरामात बसायचे तिथं आता पोचत नव्हते. सर म्हणाले, "आपण पट्टी वर घेऊ. तुम्ही पाहिजेच." आप्पांनी नकार दिला. "मग बाईंचा गळा फाटंल. माझ्यापायी समद्यांनी वर चढायचं, हे बरं न्हाई दिसत." त्या दिवशी त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला आणि किकवीला गेले. समारंभ नाही, हारतुरे नाहीत. मला वाटतं, त्यांना तसंच हवं होतं.

'नुसता गळा' त्यानंतर चार वर्षं चालला. सरांनी सगळी गाणी चौघांसाठी नव्यानं बांधली. मोठी नाट्यगृहं फारशी मिळाली नाहीत. शाळा, वाचनालयं, गावोगावची मंडळं मिळत राहिली. सर शिकवण्या घ्यायला लागले, सचिननं पुन्हा कारखान्यात काम धरलं. मग एका उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की आता पुरे. भांडण झालं नाही, कुणी रुसलं नाही. शेवटचा कार्यक्रम भोरलाच केला आणि दुसऱ्या दिवशी मेधाताईंच्या घरी सगळे जेवलो. त्याच जूनमध्ये मला वेल्ह्याला पुन्हा शाळा मिळाली. वर्गात पाय ठेवला तेव्हा मला किती दिवसांनी श्वास घेतल्यासारखं झालं, हे आईलाही सांगितलं नाही.

आप्पा गेल्या माघात गेले. आजार नाही, दुखणं नाही. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. फोनवर काकू म्हणाल्या, "गळा शेवटपर्यंत चांगला हुता हो त्यांचा." त्यांच्या आवाजात रडण्यापेक्षा समाधानच जास्त होतं.

आमची शेवटची भेट त्याच्या आधीच्या दिवाळीतली. डॉक्टरांनी पिठाची धूळ बंद करायला सांगितल्यापासून गिरणी पुतण्याकडे गेली होती आणि आप्पांना दिवसभर मोकळीक होती. मी त्यांच्याकडे फराळ केला आणि संध्याकाळच्या आत वेल्ह्याला पोचायचं म्हणून निघाले. ते स्टॉपपर्यंत सोडायला आले. येता येता त्यांनी मला शेजाऱ्याच्या म्हशीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती म्हैस विकली तर तीन वेळा परत आली होती, तिन्ही वेळा वेगळ्या वाटेनं. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही हल्ली फार बोलता."

"व्हय," ते म्हणाले. "डॉक्टरानं गप बसवलं तवा कळलं, किती बोलायचं राह्यलंय. आता उरकून घेतो."

म्हैस दुसऱ्यांदा परत आली तेव्हा एसटी आली. मी पायरीकडे गेले नाही. आप्पांनीही गाडीकडे पाहिलं नाही, ते म्हशीनं पोहत पार केलेल्या कालव्यापाशी आले होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "यायचंय का?" मी हातानं नाही म्हटलं. गाडी गेली, आणि मी तिसरी वाट ऐकायला त्यांच्याशेजारी कठड्यावर बसले.